खंडेनवमीच्या पूजेतली बंदूक

दादाला लकवा मारला तेव्हा तो दुकानात कापड फाडत होता. जुन्या जालन्यात आमचं कापडाचं दुकान आहे, वडिलांच्या मागे दादाने सांभाळलेलं. कापडाला कात्रीने बोटभर खाच द्यायची आणि मग दोन्ही हातांनी टर्रकन फाडत न्यायचं, एक धागा इकडेतिकडे न होता, ही त्याची खासियत होती. त्या दिवशी कापड निम्मं फाटलं आणि त्याचा उजवा हात गळून खाली पडला. समोरच्या बाईला वाटलं, भाव कमी करायला सांगितला म्हणून शेठ रागावले. ती म्हणाली, "ऱ्हाऊ द्या, द्या तुमच्याच भावानं." दादा काही बोलला नाही, कारण त्याची जीभही वळत नव्हती.

दवाखान्यातून घरी आणल्यावर पाय बऱ्यापैकी परत आला. काठी धरून तो मोरीपर्यंत जाऊ लागला. जीभही हळूहळू सुटली, शब्द चघळल्यासारखे पण समजतील असे यायला लागले. राहिला तो उजवा हात. व्यायाम करून घ्यायला सकाळी एक मॅडम यायच्या. त्यांनी वहिनीला आणि मला बाजूला घेऊन सांगितलं की सुरुवातीचे हे महिने हातचे जाऊ देऊ नका, या काळात हात जेवढा परत येईल तेवढा येईल, पुढे तो आखडत जातो. त्यांनी स्वतः मनाने व्यायाम केला पाहिजे, तुम्ही नुसता हात हलवून उपयोग नाही, असंही त्या म्हणाल्या.

आणि नेमकं ते मनच तयार नव्हतं. मॅडम रबरी चेंडू दाबायला द्यायच्या, कपडे वाळत घालायचे चिमटे वाटीच्या काठाला लावायला सांगायच्या. दादा चेंडूकडे बघायचा, मॅडमकडे बघायचा आणि डोळे मिटून घ्यायचा. "बालवाडीत घातलं का मला?" एवढंच म्हणायचा. आमच्या घरात राग वारशाने येतो. दुकान दादाला मिळालं, राग आम्हा दोघांना सारखा वाटून मिळाला. मी धावड्याच्या शाळेत शिकवते. दर शनिवारी शाळा सुटली की तिथून एसटी धरून यायचे, आल्या आल्या त्याच्यावर ओरडायचे आणि रविवारी संध्याकाळी घसा बसवून परत जायचे. ते चिमटे वाटीत तसेच पडलेले असायचे.

होळीच्या सुट्टीला आले तेव्हा वहिनी देवघर आवरत होती. खालच्या कप्प्यातून तिने लाल फडक्यात गुंडाळलेली बंदूक काढून बाजूला ठेवली आणि माझ्या डोक्यात एकदम उजेड पडला.

ही बंदूक खेळण्यातली, टीव्ही गेमची. दादा दहावी पास झाला तेव्हा वडिलांनी तो गेम आणला होता. दोन रिमोट, एक वायर लावलेली करड्या रंगाची बंदूक, आणि पिवळी कॅसेट. कॅसेटमध्ये खूप गेम होते, पण आमच्या गल्लीत एकच चालायचा, पाखरं पाडायचा. झुडपातून पाखरू उडायचं, आपण टीव्हीवर नेम धरून चाप ओढायचा. लागलं तर ते गिरक्या घेत खाली यायचं. चुकलं की एक रडकी पिपाणी वाजायची, आणि खोलीभर बसलेली पोरं तिच्यासोबत रडायचं सोंग करायची. दादाच्या पाळीला ती पिपाणी कधी वाजली नाही. तो दाराच्या उंबऱ्यावर उभा राहायचा, एका हातात बंदूक, दुसरा हात खिशात, आणि पाखरं पडत राहायची. मी टीव्हीच्या काचेला नळी टेकवून मारायचे तरी माझी पिपाणी ठरलेली असायची.

त्याच वर्षी खंडेनवमीला वडिलांनी पाटावर दुकानातली कात्री, लोखंडी मीटर आणि तराजू मांडला आणि दादाला थट्टेने विचारलं, "तुझं हत्यार कोणतं रे?" त्याने बंदूक आणून ठेवली. वडील हसले, आणि तिलाही हळदकुंकू वाहिलं, झेंडूचं फूल ठेवलं. तेव्हापासून प्रघातच पडला. पुढे गेम माळ्यावर गेला, वडील गेले, पण बंदूक देवघरातच राहिली आणि दर नवमीला पाटावर आली. वहिनी नवी नवरी होऊन आली आणि पहिल्याच नवमीला पूजेत प्लास्टिकची बंदूक बघितली, तेव्हा तिला वाटलं आपल्याला वेड्यांच्या घरात दिलं. तिचं फार चुकलं नव्हतं.

मी वहिनीला म्हटलं, चिमटे राहू द्या, ह्याच्या हातात हे देऊन बघू. वहिनीने दादाकडे पाहिलं. तो बंदुकीकडे बघत होता. लकवा झाल्यापासून मी त्याला कशाकडे असं टक लावून बघताना पाहिलं नव्हतं.

माळ्यावरून गेम काढला, धूळ झटकली, आणि खरी वरात तिथून सुरू झाली. आदल्या वर्षी दसऱ्याच्या ऑफरमध्ये दादाने जुना डबा टीव्ही देऊन भिंतीवर लावायचा नवा, मोठा, चपटा टीव्ही घेतला होता. गेमच्या वायरीला पिवळी आणि पांढरी पिन, आणि टीव्हीच्या मागे त्या पिनांना एकही भोक नाही. आम्ही दोघी भिंतीला गाल लावून टीव्हीच्या पाठीत मोबाइलचा उजेड मारत होतो. "एवढा मोठा टीव्ही अन् साधं भोक न्हाई ह्याला," वहिनी म्हणाली. मी बाजारात जाऊन मोबाइलच्या दुकानातून एक डबी आणली. एका बाजूने रंगीत पिना घालायच्या, दुसऱ्या बाजूने चपटी वायर टीव्हीला न्यायची. ती लावली तर टीव्हीवर निळा पडदा आणि सिग्नल नसल्याची पाटी. मग रिमोटवरची सगळी बटणं दाबून झाली. एकदा टीव्ही इंग्रजीतून बोलायला लागला, एकदा सगळं पडद्यावर उलट्या रंगाचं झालं. शेवटी चित्र आलं, पण ते काळंपांढरं आणि खालून वर पळणारं. डबीच्या कडेला टाचणीएवढा खटका होता, तो सरकवल्यावर रंग आले आणि चित्र थांबलं. पण गेम काही सुरू होईना, नुसते चौकोन.

"फुंक," मागून दादा म्हणाला.

लहानपणी कॅसेट अडली की काढून तिच्या दातांत फुंकर मारायचो. मी फुंकर मारायला गेले तर त्याने डावा हात पुढे केला. कॅसेट तोंडापाशी नेली. ओठाचा उजवा कोपरा मिटत नव्हता, हवा तिकडूनच निसटत होती. तो पुन्हा पुन्हा फुंकत राहिला, लाळ गळली ती बाहीला पुसली, आणि एकदाची नीट फुंकर बसली. कॅसेट घातली आणि ते जुनं संगीत वाजलं. वहिनी डोळ्याला पदर लावून हसत होती. मीही इतकी खूश झाले की सगळ्या वायरींचे मनातल्या मनात आभार मानले.

चित्र मोठ्या पडद्यावर ताणलेलं होतं, पाखरं अंगाने सुटल्यासारखी दिसत होती. दादा खुर्चीत बसला. मी बंदूक त्याच्या उजव्या हातात दिली, बोटं एकेक करून मुठीभोवती बसवली, पहिलं बोट चापावर ठेवलं. त्याने डाव्या हाताने उजवं मनगट खालून धरलं. पाखरू उडालं. आणि त्याने मनगट सोडलं.

हात वर राहिला. थरथरत होता, पण वर होता, त्याच्या स्वतःच्या जोरावर. वहिनीच्या तोंडून "अगं माय" निघालं. दादा तिच्यावर खेकसला, "तिकडं बघ, तिकडं!" त्याला हाताशी देणंघेणं नव्हतं, त्याला पाखरू पाहिजे होतं. म्हणून आम्ही दोघी टीव्हीकडे बघायला लागलो.

चाप ओढला. पडदा क्षणभर काळा झाला, आवाज आला, पाखरू तसंच उडत निघून गेलं आणि पिपाणी वाजली.

दादाने पुन्हा नेम धरला. पुन्हा पिपाणी. त्याच्या कपाळावर घाम आला. तो पुढे वाकला, डावा डोळा मिटला, श्वास धरला, अगदी पूर्वीसारखा. पिपाणी. मी म्हणाले, "दादा, जरा डावीकडं धर." मी, जिला जन्मात काचेला नळी लावूनही धड पाखरू पाडता आलं नाही, ती त्याला नेम शिकवत होते.

दादाने बंदूक मांडीवर घेतली आणि नळीत डोकावून पाहिलं. "कुंकू हाये आत," तो म्हणाला. खरंच होतं. इतक्या वर्षांच्या नवम्यांचं हळदकुंकू नळीत जाऊन आतल्या भिंगावर त्याचा थर बसला होता. आम्हा तिघांचा जीव भांड्यात पडला. मी वहिनीला म्हटलं, कापूस आणि स्पिरिट आणा. तिने आणलं, पण मला देऊन ती दोन पावलं मागे सरली.

"तुम्हीच पुसा, ताई. माझ्या हातून कुंकू पुसायला लावू नका."

मी तिच्याकडे बघितलं नाही. काडीला कापूस गुंडाळून नळी पुसली. लाल, मग गुलाबी, मग कापूस पांढरा निघाला. भिंग आरशासारखं लख्ख झालं. दादाने स्वतः पुन्हा डोकावून खात्री केली. आता त्याला कसलीही सबब उरली नव्हती, आणि ते कुणाच्याही ध्यानात आलं नाही.

बोटं पुन्हा बसवली. हात पुन्हा उचलला, या वेळी जास्त वर, खांद्याच्या रेषेत. पिपाणी वाजली. पाखरं येत राहिली आणि जात राहिली. एकही खाली आलं नाही. तो टीव्हीचा आवाज बंद करा असं म्हणाला असता तरी मला बरं वाटलं असतं. हात आपोआप खाली आला, बंदूक फरशीवर पडली.

वहिनी म्हणाली, "अहो, हात उचलला ना तुम्ही! तेवढं पुष्कळ झालं. पाखराचं काय घेऊन बसलात?"

तिचं खरं होतं, पण ते लेकराची समजूत घातल्यासारखं झालं, आणि नेमकं तेच त्याला सहन होत नव्हतं. त्याने हाताकडे पाहिलं. मग म्हणाला, "मेला हा. मेलेल्याला कशाला नाचवून राह्यल्या तुम्ही?" आणि टीव्ही बंद करायला लावला.

त्यानंतर त्याने व्यायाम सोडला. मॅडमना दारातूनच परत पाठवलं. मी ओरडले, वहिनी रडली, नात्यातले लोक येऊन समजावून गेले. तो एकच सांगायचा, "मी स्वतः बघितलंय." त्याला दुसऱ्या कुणाच्या सांगण्याची गरज नव्हती. ज्या गोष्टीत तो आयुष्यात कधी चुकला नव्हता तिच्यात हात नापास झाला होता, आणि नापास हाताची शिकवणी तो घेणार नव्हता. गेम भंगारात द्या म्हणाला. वहिनीने तो बंदुकीसकट गुपचूप माझ्या पिशवीत घातला.

शाळेला सुट्ट्या लागेपर्यंत ती पिशवी धावड्याला तशीच पडून होती. मला त्या बंदुकीचा राग होता. राग असला की मला गप्प बसवत नाही, म्हणून एका दुपारी ठरवलं की ही बिघडलेली आहे हे सिद्ध करून त्याच्या तोंडावर फेकायची. म्हणायचं, बघ, हत्यार मोडकं होतं, तू नाहीस. आमच्या घरी सासऱ्यांच्या वेळचा डबा टीव्ही आहे. त्याच्यावर पितळी समई आणि औषधांचे डबे असतात, त्याच्या अंगावर विणलेलं झाकण असतं, आणि क्वचित कधी तो लावतात. त्याला पिवळ्या पांढऱ्या पिनांची भोकं समोरच होती. डबी लागली नाही, खटका लागला नाही. चित्र लगेच आलं.

मी खाटेवर बसूनच, ढोबळ नेम धरून चाप ओढला. पाखरू गिरक्या घेत खाली आलं.

मला वाटलं चुकून लागलं. दुसरं मारलं, तेही पडलं. उठून दारापर्यंत मागे गेले, उंबऱ्यावरून मारलं. पडलं. आमचे हे पेपर वाचत होते, ते म्हणाले, "जमलं की तुला." तोच गेम, तीच कॅसेट, तीच बंदूक. बदललं होतं ते एकच. फोनवर शोधलं तर जगभरचे लोक हेच रडगाणं गात होते. ती बंदूक जुन्या डबा टीव्हीच्या काचेवरचा उजेड ओळखते. नव्या चपट्या पडद्यावरचं तिला काही कळत नाही. कुणीही, कितीही बरोबर नेम धरला तरी पिपाणीच वाजणार. आम्ही वायर तपासली, डबी तपासली, कुंकू पुसलं, दादाचा हात तपासला. टीव्हीवर कुणाला संशय आला नाही, कारण तो नवा होता आणि घरातली सगळ्यात महागडी वस्तू होता.

दुसऱ्याच दिवशी डबा टीव्ही टेम्पोत घालून जालन्याला नेला. वाटेत भोकरदनला टेम्पोवाला म्हणाला, "बाई, हा कोण घेतंय आता?" मला घाई झाली होती. वेड्यासारखं वाटत होतं की पोचले की झालं.

दादा खिडकीजवळ पडून होता. हात कोपरात वळून छातीला चिकटला होता. मूठ आवळलेली होती, आणि नखं तळव्यात रुतू नयेत म्हणून वहिनीने मुठीत रुमालाची गुंडाळी घातली होती. मी दर आठवड्याला तो हात बघतच होते, पण त्या दिवशी बंदूक हातात घेऊन उभी राहिले तेव्हा काय उशीर झालाय ते कळलं.

तरी मी टीव्ही स्टुलावर ठेवला, गेम जोडला आणि पाखरू पाडलं. मग बंदूक वहिनीच्या हातात दिली. तिने उभ्या जन्मात ती पूजेपलीकडे हातात धरली नव्हती. तिने नेम धरला आणि डोळे मिटून चाप ओढला. पाखरू पडलं. तिने डोळे उघडून ते पाहिलं, मग भिंतीवरच्या टीव्हीकडे पाहिलं आणि तिथेच फरशीवर बसून हंबरडा फोडला.

दादा रडला नाही. त्याने स्टुलावरच्या टीव्हीकडे पाहिलं, भिंतीवरच्या टीव्हीकडे पाहिलं. त्याला सांगावं लागलं नाही.

"मंग त्या दिशी..." तो म्हणाला.

"त्या दिवशी तुझा नेम बराबर होता, दादा. सगळे नेम बराबर होते."

त्याने डाव्या हाताने मुठीतला रुमाल ओढून काढला आणि बंदूक तिथे घालायला लागला. बोटं उघडेनात. वहिनीने एकेक बोट धरून सोडवायला घेतलं, ते सोडलं की पुन्हा मिटत होतं. दादाच्या तोंडून दुखल्याचा आवाज निघाला तेव्हा ती थांबली. टीव्हीत पाखरं उडत होती आणि पिपाणी वाजत होती. मी उठून बटण बंद केलं.

मॅडमना पुन्हा बोलावलं. त्यांनी हात तपासला, काही दिवस प्रयत्न केला आणि खरं ते सांगितलं. हा हात आता आधारापुरता, कामाचा नाही. मला सगळ्यांचा संताप आला, टीव्हीचा, ऑफरचा, दादाच्या हट्टाचा, माझ्या त्या "जरा डावीकडं धर"चाही. संतापून होणार काय होतं? वहिनी दुकानात बसू लागली. कापड ती फाडत नाही, कात्रीने शेवटपर्यंत कापते.

नवमीला मी मुद्दाम गेले. वहिनीने पाटावर कात्री, मीटर, तराजू मांडला. बंदूक आणून ठेवू का नको अशी ती घुटमळली, मग लाल फडक्यातून काढून ठेवली. दादा खुर्चीत बसून बघत होता. तो काठी टेकत उठला, पाटापाशी जमिनीवर बसला आणि डाव्या हाताने बंदूक उचलून बाजूला ठेवली. मग त्याने डाव्या हाताने आपला उजवा हात मनगटाला धरून उचलला आणि कात्रीच्या शेजारी पाटावर ठेवला.

"कर पूजा," तो वहिनीला म्हणाला.

मला वाटलं तो थट्टा करतोय, पण त्याच्या चेहऱ्यावर थट्टा नव्हती. वहिनीने आधी कात्रीला, मग मीटरला, मग तराजूला हळदकुंकू वाहिलं. मग त्या मिटलेल्या मुठीवर हळद लावली, कुंकू लावलं, झेंडूचं फूल ठेवलं. मला तिथे बसवेना, मी स्वयंपाकघरात जाऊन रडले.

नवमीला पूजेत मांडलेल्या हत्याराला त्या दिवशी विसावा असतो, आणि दसऱ्याच्या सकाळी ते उचलून पुन्हा कामाला लावायचं असतं. दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनीने कात्री, मीटर आणि तराजू उचलला आणि दुकान उघडायला जाण्याआधी, मुठीवरच्या कुंकवाला पाणी लागू न देता, दादाला आंघोळ घातली. अंग पुसून झाल्यावर तिने टॉवेल माझ्याकडे दिला. "हात तेवढा तुम्ही पुसा, ताई," ती म्हणाली आणि चपला घालून निघाली.